कुठली घेऊ?

प्रश्न एवढाच होता: "नाना, 'मेट्रोपोलिस' बघायचाय, कुठली डिस्क घेऊ?" तोही जिन्यात विचारलेला, हातात दुधाच्या दोन पिशव्या असताना. सकाळचे आठ वाजले होते.

नाना दोन पायऱ्या खाली उतरून आले. "अजून घेतली नाहीस ना कुठली?"

"नाही."

"मग वाचलास," म्हणत त्यांनी माझ्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या आणि आत काकूंकडे दिल्या. दूध त्यांच्या फ्रीजमध्ये गेलं. मी घरी परतलो तेव्हा साडेबारा झाले होते, दूध तिथेच राहिलं होतं, आणि डिस्क कुठली घ्यायची हे सकाळपेक्षाही कमी कळत होतं.

नानांची पुण्यात एक जमातच आहे. फिल्म सोसायटीच्या जुन्या सभासदांत, फिल्म अर्काइव्हच्या संध्याकाळच्या खेळांना कडेची खुर्ची धरणाऱ्यांत ती हमखास सापडते. ही माणसं सिनेमे जमवत नाहीत, सिनेमाच्या आवृत्त्या जमवतात. नानांच्या लोखंडी कपाटात सिनेमे मोजून वीस-बावीस, डिस्का मात्र दीडशे. एकट्या 'नोस्फेराटू'च्या सहा. "सगळ्या सारख्याच ना?" असं त्यांना एकदा त्यांच्या व्याह्यांनी विचारलं होतं. रत्नागिरीच्या माणसाला 'हापूस काय नि तोतापुरी काय' म्हणण्यातला प्रकार. व्याही आता फक्त सणावारी येतात.

दोष नोकरीचा असावा. नाना एका बँकेत तीस वर्षं कर्जखात्यात होते. समोर आलेला सातबारा वाचायचा, फेरफार तपासायचे, कुठे बोजा दडलाय ते हुडकायचं, यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर जमिनी सुटल्या आणि मूकपट सापडले. मूकपटांचा सातबारा तर अस्सल भाऊबंदकीचा. 'मेट्रोपोलिस'चंच घ्या. 10 जानेवारी 1927 ला बर्लिनला पहिला खेळ झाला तेव्हा फ्रिट्झ लांगचा हा सिनेमा 4189 मीटर लांब होता. अमेरिकेतल्या वितरकांनी तो छाटला, मग जर्मनीतही कात्री लागली, आणि मूळचा सिनेमा ऐंशी वर्षं गायब झाला. छाटण्याची कारणं तर ऐकत राहावी. नायकाच्या मेलेल्या आईचं नाव हेल. ते इंग्रजीत नरकासारखं ऐकू येतं म्हणून अमेरिकेत ती बाईच काढून टाकली. आपल्याकडे फार तर 'माहेर मालवणचं का हो?' एवढं विचारून सोडून दिलं असतं.

म्हणून डिस्क हातात आली की नानांचा पहिला सवाल, "टायटल क्लिअर आहे का?" मला वाटलं, बँकेची सवय. तर नाही, ते पडद्यावर मध्येमध्ये येणाऱ्या पाट्यांबद्दल बोलत होते. पाट्या मूळ जर्मन आहेत की कुणी मागाहून इंग्रजीत घुसडल्यात? अक्षरांचं वळण तेव्हाचं आहे का? 'नोस्फेराटू' 1922 साली 'ड्रॅक्युला'चे हक्क न घेताच काढला होता, पात्रांची नावं बदलून. ब्रॅम स्टोकरच्या विधवेने निर्मात्यांना कोर्टात खेचलं आणि कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितलं. त्यातूनही सिनेमा वाचला, तर पुढे इंग्रजी पाट्या लिहिणाऱ्या कुणीतरी काउंट ऑर्लोकच्या जागी सरळ काउंट ड्रॅक्युला लिहून टाकलं. "म्हणजे आरोपीच्या वकिलानेच कबुलीजबाब दिला!" नाना म्हणाले. कर्जबुडव्या सापडल्यावर बँकेत त्यांचा चेहरा असाच उजळत असणार.

त्यातच रंगाचं प्रकरण. काळ्या-पांढऱ्या प्रतीत हा ऑर्लोक लख्ख उजेडात शवपेटी काखोटीला मारून गावातून चालतो. मूळ प्रतीत ती दृश्यं निळ्या रंगात बुडवलेली होती. निळं म्हणजे रात्र. निळा उडाला की रात्रीची दुपार होते. मग सबंध सिनेमाभर उन्हात हिंडणारा हा गृहस्थ शेवटी उन्हानेच मरतो कसा, हे स्वस्तातली डिस्क घेणाऱ्याला आयुष्यभर कळत नाही. इथपर्यंत मला पटत होतं, हे मी कबूल करतो.

मग वेग निघाला. मूकपटाला ठरलेला वेग नसतो. कॅमेरा हाताने फिरवायचा, आणि प्रोजेक्टरवालाही आपल्या मनाचा राजा. नानांनी कॅल्क्युलेटर ओढला. "एक फ्रेम एकोणीस मिलिमीटर धर. सेकंदाला चोवीस लावल्यास तर 4189 मीटर 153 मिनिटांत संपतात. वीस लावल्यास तर 184. सोळाने गेलास तर 230, म्हणजे जवळजवळ चार तास."

"मग किती लावायच्या?"

नाना कॅल्क्युलेटरकडे बघत राहिले. "त्यावरच तर वाद आहे," ते म्हणाले. नातू पहिला आल्याचं सांगावं असा सूर होता.

डिस्क मिळाली तरी चालेलच असं नाही. डीव्हीडीवाल्यांनी जगाची वाटणी केलीय. अमेरिकेला पहिला विभाग, इंग्लंडला दुसरा, आपल्या वाट्याला पाचवा. ब्लू-रेची वाटणी आणखी निराळी, तिथे अमेरिका ए, इंग्लंड बी, आपण सी. त्यामुळे भाच्याने लंडनहून आणलेली डिस्क नानांच्या यंत्रात जाते आणि 'तुम्ही आमच्यातले नाही' असं ऐकून परत येते. यावर उपाय म्हणून घरात तीन प्लेअर आहेत. त्यातल्या एकाला रिमोटवर गुप्त आकडे दाबून सगळ्या देशांना मोकळं केलंय. ते आकडे पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत, कुलाचाराच्या यादीखाली.

साडेदहाच्या सुमारास ब्युनोस आयर्स आलं, आणि ही गोष्ट नाना उभं राहूनच सांगतात. 2008 साली तिथल्या सिनेमा संग्रहालयात सोळा मिलिमीटरची एक प्रत सापडली, जवळजवळ पुऱ्या 'मेट्रोपोलिस'ची. माग लागला तो एका बोटामुळे. फर्नांडो पेन्या या अभ्यासकाला एका फिल्म क्लबवाल्याने जुनी आठवण सांगितली होती, की 'मेट्रोपोलिस'च्या खेळाला फिल्म उडत होती म्हणून प्रोजेक्टरवर बोट दाबून दोन तासांहून जास्त उभं राहावं लागलं.

"दोन तासांहून जास्त!" नानांनी टीव्हीच्या कडेवर अंगठा दाबून धरला. "अरे, बाहेरच्या छाटलेल्या प्रती त्याच्या कितीतरी आधी संपत होत्या. मग याचं बोट इतका वेळ कसं अडकलं?"

"टीव्हीला डाग पडतात," काकू आतून म्हणाल्या. नानांनी अंगठा काढला नाही.

मग त्यांनी 2010 च्या दुरुस्तीची डिस्क लावली आणि सापडलेला भाग काढला. तो लगेच ओळखू येतो. चित्र जरासं लहान होतं, कडेला काळी पट्टी येते आणि वर उभ्या ओरखड्यांचा पाऊस लागतो. सोळा मिलिमीटरवर उतरवताना जुन्या रेघाही चित्रासकट छापल्या गेल्या, आता त्या पुसता येत नाहीत. त्या पावसात हेलचा प्रचंड दगडी चेहरा उभा राहिला. नानांच्या तोंडून वेग निघाला नाही, विभाग निघाला नाही. "आपल्या फाळक्यांचं असं कुठे काही पडलेलं असेल का रे?" एवढंच म्हणाले. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'ची रिळं चार. त्यातलं पहिलं आणि शेवटचं तेवढं आपल्याकडे उरलंय. मधला हरिश्चंद्र कुणाच्या बोटाखाली सापडला नाही.

थोड्या वेळाने भानावर येऊन त्यांनी रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला. मूळच्या संगीताचं सांगायचं राहिलं होतं. गॉटफ्रीड हुपर्ट्झची स्वरलिपी शिल्लक होती आणि तिच्यात कुठल्या सुराला कुठलं दृश्य याच्या खुणा होत्या, म्हणून तुकडे जागच्या जागी बसवता आले. हे सगळं नाना सिनेमा थांबवून सांगत होते. सिनेमा ते थांबवण्यासाठीच लावतात, हे एव्हाना माझ्या ध्यानात आलं होतं.

कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक डिस्क होती. नाना तिचं नाव घेत नाहीत, 'तो प्रकार' म्हणतात. 1984 साली जॉर्जो मोरोडर या संगीतकाराने केलेली ही आवृत्ती. 83 मिनिटांची, रंग चढवलेली, पाट्या काढून खाली सबटायटल्स दिलेली, आणि वरून पॉप गाणी. "केवळ तुलनेसाठी ठेवलीय," नाना म्हणाले.

"त्यात फ्रेडी मर्क्युरीचं गाणं आहे," काकू मेथीची जुडी घेऊन बाहेर आल्या. "पाचगणीला शाळेत होता तो."

नानांनी मान वळवली.

"भाजी निवडताना लावते कधीकधी. दोनदा झालाय बघून. त्या मजुरांचं फार वाईट वाटतं हो. आणि ती यंत्राची मारिया काय डोळा मारते!"

स्वतःच्याच राहत्या घराच्या सातबाऱ्यावर बोजा निघावा तसे नाना बघत राहिले. मला राहवलं नाही. "नाना, तुम्ही किती वेळा पाहिलाय? म्हणजे सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत?"

"सलग बघण्याजोगी आवृत्ती अजून यायचीय," नाना म्हणाले.

त्या रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर जी पहिली सापडली ती प्रत लावली. लांबी माहीत नाही, वेग माहीत नाही, पियानो कुणी वाजवला देव जाणे. चित्र तर ताकात कालवल्यासारखं. नायक त्या भल्यामोठ्या घड्याळासारख्या यंत्राचे काटे दोन्ही हातांनी ओढतो ना, तिथे मी उठून बसलो. झोपायला दोन वाजले.

सकाळी आठ वाजता दूध घेऊन जिना चढत होतो तर नाना वरून उतरत होते.

"काय, ठरलं का?"

"नाही नाना," मी म्हणालो, "अजून बघतोय."

"घाई करू नकोस. बरं, काल 2001 ची राहिली तुझी. त्यात सापडलेले तुकडे नाहीत, गाळलेल्या जागी नुसत्या पाट्या आहेत, पण चित्र काय स्वच्छ आहे! पाच मिनिटं ये."

वर दारात काकू उभ्याच होत्या, दुधासाठी हात पुढे करून.