जुना मारिओ, नवा भाव

नवी पेठेतून रिकाम्या हाताने परतणं अवघड, आणि सांगितलेल्या पहिल्या भावात वस्तू घेणं त्याहून अवघड. सोलापूरचं गिऱ्हाईक साधा टॉवेल घ्यायचा तरी तो उजेडाकडे धरतं, कडा ओढून बघतं, दोन दुकानं फिरून परत येतं आणि मग विचारतं, "काय ओ मालक, फायनल सांगा की!" या गिऱ्हाइकापुढे जगातल्या बड्या व्हिडिओ गेम कंपन्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत, हे त्यांचं नशीब.

समजा, एखाद्या चादरवाल्याने १९९६ साली विकलेली चादर २०२० मध्ये पुन्हा मांडली. धागा तोच, नक्षी तीच, फक्त धुऊन इस्त्री केलेली. भाव मात्र नव्या चादरीचा. वर पाटी : '३१ मार्चनंतर मिळणार नाही.' अशा दुकानदाराला गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा कोणी उभं करणार नाही. निन्टेंडोने मात्र नेमकं हेच केलं. मारिओची पस्तिशी साजरी करायची म्हणून 'सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स' नावाखाली १९९६, २००२ आणि २००७ सालचे तीन गेम एका डब्यात भरले आणि १८ सप्टेंबर २०२० ला ६० डॉलरला बाजारात आणले. त्यातल्या सर्वांत जुन्या गेमचं चित्र तेव्हाच्या टीव्हीच्या मापाचंच राहिलं, म्हणून रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. शिवाय ३१ मार्च २०२१ नंतर विक्री बंद, डाउनलोडसुद्धा. आपल्याकडे मार्चएंडला घरपट्टी भरायला रांगा लागतात, इथे मारिओसाठी लागल्या. डाउनलोडचा माल गोदामात कुजत नाही की उंदीर कुरतडत नाहीत. तरी 'स्टॉक संपला' म्हणायचं, याला धंद्याची अक्कल लागते.

आता थोडं आपल्याही पदरात बघू. नव्वदच्या दशकात गावोगावच्या घरांत जो 'व्हिडिओ गेम' आला, तो बहुतेक वेळा निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल होता. त्यात खुपसायची ती कॅसेट. तिच्यावर छापलेलं असायचं '९९९९९९९ इन १', म्हणजे नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव गेम. पोरं यादी खाली सरकवत जायची. कॉन्ट्रा, मारिओ, सर्कस चार्ली, बदकं मारायचा डक हंट. थोडं खाली गेलं की पुन्हा कॉन्ट्रा, फक्त सुरुवात तिसऱ्या टप्प्यापासून. आणखी खाली तोच मारिओ, दुसऱ्या नावाने. जुना माल नव्या नावाने विकायची विद्या जपान-अमेरिकेच्या आधी या कॅसेटवाल्यांनी सिद्ध केली होती. आणि यातला एक पैसाही मूळ कंपनीला गेला नाही. त्यामुळे चाळिशीतला सोलापूरकर आज मोबाइलवर 'कॉन्ट्रा'चा भाव बघून "लुटतात बे हे" म्हणतो, तेव्हा त्याने हेही आठवावं की पहिल्या वेळचे पैसे अजून द्यायचेच आहेत.

'कॉन्ट्रा'ची मूळ कंपनी कोनामी. तिने ती वसुली २०१९ मध्ये केली. 'कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये दहा गेम, २० डॉलर. ऐकायला रास्त. डबा उघडला तर मूळ कॉन्ट्रा तीन रूपांत : व्हिडिओ गेम पार्लरमधला, अमेरिकी घरगुती आणि जपानी घरगुती. आणखी दोन गेम म्हणजे याच संग्रहातल्या दोन गेमच्या युरोपी आवृत्त्या. तिथे माणसांवर गोळ्या नकोत म्हणून नायकांचे यंत्रमानव केले होते. मोजणीची ही पद्धत कुठे पाहिली होती, हे कॅसेटवाल्या पिढीला सांगायला नको. तरी कोनामीने सोबत मुलाखती आणि जुनी रेखाटनं असलेलं डिजिटल पुस्तक दिलं, आणि तीस जिवांचा तो प्रसिद्ध कोडही शाबूत ठेवला. सेलमध्ये घ्यायला हरकत नाही.

खरी कमाल नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारने केली. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे तीन गाजलेले गेम नटवून-थटवून ६० डॉलरला काढले आणि त्याआधी जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून उतरवल्या, म्हणजे गिऱ्हाइकाला तुलनाच नको. नटवलं कसं? पाऊस असा की पुढचा रस्ता दिसेना. एका डोनटच्या दुकानावर मूळ गेममध्ये सहा कोनांचा लोखंडी नट होता, कारण दुकानाचं नावच 'टफ नट डोनट्स'. नव्या आवृत्तीत कोन घासून तो गुळगुळीत गोल झाला. विनोद गेला, डोनट उरला. आठवड्याभरात कंपनीने माफी मागितली आणि संगणकावरच्या जुन्या आवृत्त्या परत विकायला काढल्या. नवी पेठेतल्या दुकानदाराने इतका माल परत घेतला असता, तर शेजारच्यांनी त्याला महिनाभर चिडवलं असतं.

पण जुने गेम पुन्हा निघूच नयेत, असं म्हणणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात रीतसर मिळतच नव्हते. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. मेहनतीने पुन्हा काढलेला गेम म्हणजे काय, ते 'एज ऑफ एम्पायर्स २'कडे बघून कळतं. १९९९ चा खेळ २०१९ मध्ये २० डॉलरला आला. चित्रं नव्याने काढली, चार नवी राज्यं घातली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तर २०२० सालच्या 'राजी'ची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये काढली आणि जुन्या गिऱ्हाइकांना ती फुकट दिली. उलट सोनीने २०१३ चा 'द लास्ट ऑफ अस' २०२२ मध्ये नव्याने बांधला, मूळचा मित्रांसोबत खेळायचा भाग वगळला आणि भारतात ४,९९९ रुपये लावले. काम कसबाचं, यात वाद नाही. पण ज्याच्याकडे जुनी डिस्क आहे, त्याने पाकीट खिशातच ठेवावं.

भाव करण्याआधी आणखी एक गोष्ट विचारावी. डाउनलोडवर जे 'विकत घेतलं' म्हणतात, तो बहुतेक वेळा नुसता परवाना असतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून दुकानदाराने हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं, असा कायदा आहे. आपल्या दुकानाने सांगितलं नाही तर आपणच विचारावं : "मालक, दुकान बंद केलं तर माझा गेम चालेल का?" उत्तर गोलमाल आलं, तर पुढच्या सेलपर्यंत थांबावं.