मालिका न बघता मालिकांवर कसे बोलावे

मालिकांवर अधिकारवाणीने बोलायचे तर पहिली अट अशी की त्या बघू नयेत. सल्ला आळशी वाटेल, पण विचारांती दिलेला आहे. रोज साडेआठला टीव्हीपुढे बसणाऱ्याला दिसते काय? सून निरांजनाचे तबक घेऊन उभी, दाराची बेल वाजते, कॅमेरा तीनदा तिच्या चेहऱ्यावर आणि तीनदा तबकावर आदळतो, एक निरांजन विझते, भाग संपतो. दारात कोण, ते उद्या. उद्या कळते की कुरियरवाला. खरा पाहुणा रविवारच्या महाएपिसोडमध्ये येणार असतो, आणि बातम्या वाचणाऱ्याला तो कोण हे आधीच ठाऊक असते, कारण त्याच्या ‘दमदार एन्ट्री’चा गाजावाजा केव्हाच होऊन गेलेला असतो.

याचे कारण असे की मालिकेची गोष्ट लेखकाच्या टेबलावर कमी आणि गुरुवारी जास्त ठरते. गुरुवार हा प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’चे टीआरपी येण्याचा वार. आकडे घसरले की कथेत सात वर्षांचा लीप येतो. आणखी घसरले की मालिका संध्याकाळच्या अशा वेळेला सरकते, जेव्हा घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. नायक कंपनीच्या कामासाठी लंडनला गेला, तर भोळा प्रेक्षक त्याच्या परतीची वाट बघतो. जाणकाराने शांतपणे विचारावे, “लंडनला म्हणजे कुठल्या वाहिनीवर?” 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले आणि कित्येक मराठी मालिकांची युनिट्स गोव्याला गेली. तेव्हा पडद्यावरचा नेहमीचा दिवाणखाना कुठे गेला, याचे उत्तर जो कथानकात शोधत बसला त्याची कीवच करावी.

भविष्य सांगायचे असेल तर मालिकेचे मूळ गाव शोधावे. ‘आई कुठे काय करते’ मूळची बंगाली ‘श्रीमोयी’, तर ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून आलेली. मूळ मालिका पुढे गेलेली असते, त्यामुळे तिचा गोषवारा वाचलेल्या माणसाला मराठीतल्या घटस्फोटाचा सुगावा नायिकेच्या आधी लागतो. यावर कुणी म्हणेल, मराठीत येताना गोष्टी बदलतात. बदलू द्याव्यात. “मूळ मालिकेत हे असं नव्हतं” हे वाक्य कुठल्याही भागाला लागू पडते, आणि ते तपासायला बंगाली यावे लागते.

जुन्या मालिकांचा विषय मात्र आपणच काढावा. ‘चिमणराव’, ‘प्रपंच’, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही तीन नावे ओळीने घेतली की समोरचा हळवा होतो आणि पुढचा पुरावा मागत नाही. या यादीत ‘चार दिवस सासूचे’ चुकूनही येऊ देऊ नये. तीही टिपऱ्यांसारखी 2001 मधलीच, पण ते चार दिवस 2013 पर्यंत आणि तीन हजारांहून अधिक भाग चालले. ‘पूर्वी असं पाणी घालत नव्हते’ या सिद्धान्ताला हे फारच अडचणीचे. एखादा चिकित्सक आणखी खोलात शिरेल: टिपरे आठवड्यातून एकदा यायचे, आजचा लेखक आठवड्याला सहा-सात भाग पाडतो, दोघांना एका तराजूत कसे घालता? आक्षेप बिनतोड आहे. शिवाय त्या काळातल्या रटाळ मालिका आपण विसरलो आहोत, म्हणून उरलेला काळ इतका सुंदर दिसतो, हेही खरे. पण न्याय्य तुलना केली तर चर्चा दोन मिनिटांत आटोपेल आणि चहा व्हायला निदान दहा लागतात. तेव्हा तुलना अन्यायाचीच करावी.

या सगळ्या तयारीला एकच धोका: घरातली आत्या किंवा आजी, जी मालिका खरोखर रोज बघते. तिला टीआरपी माहीत नसतो, पण खलनायिकेने विषाची बाटली कुठल्या कपाटात ठेवली आणि ते कपाट मागच्या गुढीपाडव्याला कुठे होते, हे तिला पाठ असते. कथा भरकटली आहे हेही तिला आपल्या आधी कळलेले असते, फक्त ती बघणे सोडत नाही. तिच्याशी वाद घालू नये. “आत्या, सध्या काय चाललंय?” एवढे विचारावे, ती सांगेल ते लक्ष देऊन ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्वतःचे निरीक्षण म्हणून मांडावे. मालिका निरोप घेणार अशी बातमी आली, तर वर्षभर “बंद करा आता” म्हटले असले तरी “चांगलं काही टिकूच देत नाहीत” असे म्हणून लगेच तिच्या जागी येणाऱ्या नव्या मालिकेच्या प्रोमोला नावे ठेवायला घ्यावीत.