हरणाऱ्या संघाचा वसा: साहित्य, विधी आणि निंदकांचा बंदोबस्त

जिंकणाऱ्या संघामागे कोणीही जातो. त्याला शास्त्र लागत नाही, गुरू लागत नाही, धीर तर मुळीच लागत नाही. सिडनी शहरातल्या रग्बी लीगच्या एखाद्या पडेल संघाचा पाठीराखा व्हायचे, तर मात्र रीतसर तयारी हवी. प्रस्तुत मार्गदर्शन गुणतक्ता खालून वर वाचायचा ज्यांनी निश्चय केला आहे, त्यांच्यापुरते आहे.

आधी खेळ समजून घ्यावा. दोन्हीकडे तेरा-तेरा खेळाडू. चेंडू पोटाशी धरून पुढे घुसायचे, पकड झाली की उठून पुन्हा घुसायचे, सहावी पकड झाली की चेंडू मुकाट्याने समोरच्यांच्या हवाली करायचा. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला एवढे पुरे. सिडनीतली स्पर्धा १९०८ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी ती साऊथ सिडनी या संघाने जिंकली. वसा शिकायला याच संघाकडे जावे. त्याच्याइतका वर चढून त्याच्याइतका खाली घरंगळलेला दुसरा संघ शोधावा लागेल.

संघ निवडू नये, हे पहिले पथ्य. निवड करणारा माणूस उद्या दुसरा निवडू शकतो. संघ वारशाने यावा, नाही तर पत्त्याने. साऊथ सिडनीचा पत्ता रेडफर्न: कारखान्यांची, रेल्वे वर्कशॉपची, आदिवासी ऑस्ट्रेलियनांची जुनी वस्ती. संघाचे टोपणनाव रॅबिटोज. पूर्वी तिथले खेळाडू चार पैशांसाठी गल्लोगल्ली ओरडत सशाचे मटण विकायचे, अशी त्यामागची कथा सांगतात. ती खरी की खोटी, हे पाठीराख्याने तपासत बसू नये. आजोबा सांगत होते, एवढा पुरावा भरपूर झाला.

साहित्य: एक जुना विजय, एक जुना राग आणि एक मोडलेले हाड.

विजयांचा साठा इथे भरपूर आहे. १९७१ पर्यंत साऊथ सिडनीने वीस वेळा अजिंक्यपद मिळवले होते. हाडांचीही ददात नाही. क्लाइव्ह चर्चिल १९५५ मध्ये मोडलेल्या हाताने खेळला. १९७० च्या अंतिम सामन्यात कर्णधार जॉन सॅटलरचा जबडा सुरुवातीलाच मोडला. गडी शेवटपर्यंत मैदानावर राहिला आणि करंडक घेऊनच बाहेर आला. ताजी हार पचत नसेल तेव्हा हा जबडा चर्चेत आणावा. समोरचा गप्प बसतो, हा अनुभव आहे.

राग मात्र दुसऱ्याकडून उसना घ्यावा लागतो. १९०९ चा अंतिम सामना बालमेनशी होता. बालमेनचा संघ निषेध म्हणून मैदानात उतरलाच नाही आणि अजिंक्यपद साऊथ सिडनीला मिळाले. दोघांनीही खेळायचे नाही असे आपसात ठरले होते, असे बालमेनवाले पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिले. शंभर वर्षांहून जुना राग असा सांभाळून ठेवणाऱ्यांना निष्ठेचे वेगळे पाठ द्यावे लागत नाहीत.

आता निंदक. इथे होतकरू पाठीराखा हमखास चुकतो, कारण तो आकड्यांना आकड्यांनी उत्तर द्यायला जातो. तसे करू नये. निंदकाचे आकडे बरोबर असतात. १९८९ मध्ये साखळीत अव्वल आलेला हा संघ १९९० मध्ये थेट तळाला गेला आणि पुढची सबंध दहा वर्षे बाद फेरीच्या दारातही दिसला नाही. पैसा नाही, गर्दी रोडावलेली. त्यात माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने समांतर स्पर्धा काढून खेळाची फाळणी केली होती. १९९७ च्या अखेरीस समेट झाला, तेव्हा २००० पर्यंत फक्त चौदा संघ ठेवायचे ठरले. तगायचे असेल तर शेजाऱ्याशी लग्न लावा, असा एकूण निरोप होता. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्स यांनी ते लावले आणि वेस्ट्स टायगर्स जन्माला आले. साऊथ सिडनी अविवाहित राहिला आणि १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला स्पर्धेतून काढून टाकण्यात आले.

हिशेबाच्या वहीप्रमाणे त्या निर्णयात फारशी चूक नव्हती. चूक एवढीच, की वही पाहणाऱ्यांनी रस्ता पाहिला नाही. १९९९ मध्ये सुमारे चाळीस हजार माणसे लाल-हिरव्या रंगात सिडनीच्या रस्त्यावर उतरली. पुढच्या वर्षी संघ हकालपट्टीविरुद्धचा खटला हरल्यावर तर आणखी उतरली. तो आकडा ऐंशी हजारांच्या घरात सांगतात. संघ खेळत होता तेव्हा यातले किती जण तिकीट काढून जात होते, हा प्रश्न चतुर निंदक विचारतोच. त्या वेळी पाठीराख्याने सॅटलरच्या जबड्याकडे वळावे.

माजी खेळाडू आणि क्लबचे अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स यांनी माघार घेतली नाही. २००१ मध्ये अपिलात निकाल फिरला, २००२ मध्ये संघ परतला. पुढे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायपीठाने तो निकाल पुन्हा उलटवला. म्हणजे कायद्याने पाहता काढून टाकणारेच बरोबर ठरले! पण तोवर संघ मैदानात होता आणि त्याला परत काढायला कोणी पुढे झाले नाही.

पुनरागमनाचा पहिला सामना जुन्या शत्रूशी, सिडनी रूस्टर्सशी झाला. एवढे मोर्चे, एवढे खटले, एवढे अश्रू. निकाल ४०-६, अर्थात रूस्टर्सच्या बाजूने. त्या मोसमात साऊथ सिडनी पंधरा संघांत चौदावा आला. तेही अशासाठी, की पगारमर्यादा मोडल्याबद्दल बुलडॉग्जचे ३७ गुण कापून त्यांना तळाला ढकलले गेले. पाठीराख्याने अशा वेळी नैतिक विजयाची भाषा करावी, पण हळू आवाजात. कारण २००३ मध्ये तळाचा क्रमांक लागला, २००४ मध्ये लागला आणि २००६ मध्येही. शेवटच्या वर्षी चोवीस सामन्यांत तीन विजय.

घरातले भांडण घरातच, आणि मोठ्याने करावे, असाही एक विधी आहे. २००६ मध्ये अभिनेता रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स अ कोर्ट यांनी क्लबची ७५ टक्के मालकी मागितली. पिगिन्स यांनी विरोध केला. सभासदांच्या मतदानात ७५ टक्के कौल हवा होता, मिळाला ७५.८. क्लब वाचवणाऱ्या माणसाशीच वाद घालणे हा बाहेरच्याला कृतघ्नपणा वाटेल. पण आपल्या संघाला शिव्या घालायचा हक्क वर्गणी भरणाऱ्याचा. बाहेरच्याने तीच शिवी दिली, की तो गुन्हा.

थट्टेचे काय करावे, हे सिडनीतल्याच क्रोनुलावाल्यांकडून शिकावे. त्यांचा संघ स्पर्धेत आला १९६७ मध्ये. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट समुद्रात पोहायला जाऊन नाहीसे झाले तेही त्याच वर्षी. प्रशिक्षक जॅक गिब्सन यांनी पुढे शेरा मारला: क्रोनुलाच्या अजिंक्यपदाची वाट पाहणे म्हणजे होल्ट परततील म्हणून ओसरीवरचा दिवा लावून ठेवणे. चाहत्यांनी तो शेरा झेंड्यासारखा मिरवला आणि २०१६ मध्ये संघाने अजिंक्यपद जिंकले, तेव्हा आता दिवे मालवा, असे कर्णधारानेच सांगितले.

उद्यापनाबद्दल वारंवार विचारणा होते. साऊथ सिडनीचे उद्यापन ४३ वर्षांनी, २०१४ मध्ये झाले. अंतिम सामन्यात बुलडॉग्जवर ३०-६. सॅम बर्जेसच्या गालाचे हाड पहिल्याच धडकेत मोडले आणि त्यालाच सामनावीराचे क्लाइव्ह चर्चिल पदक मिळाले, म्हणजे साहित्यात कसलीच कमतरता राहिली नाही. त्या रात्री रेडफर्नमध्ये अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडली असतील, तर ते शास्त्राला धरूनच आहे. मात्र उद्यापनाने वसा सुटतो, असा गैरसमज नसावा. २०२४ मध्ये हाच संघ सतरा संघांत सोळावा होता.

सतरावे होते वेस्ट्स टायगर्स, सलग तिसऱ्या वर्षी. हा अभ्यासक्रमाचा पुढचा भाग. बाद फेरीत आठ संघ जातात आणि टायगर्स २०१६, २०१८, २०१९ मध्ये बरोबर नववे आले. २००५ च्या अंतिम सामन्यात त्यांनी ज्या नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजना हरवले, त्यांनीच २०२३ मध्ये त्यांचा ७४-० असा फडशा पाडला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून आला तो २००५ चाच नायक, बेन्जी मार्शल. वसा नव्यानेच घेऊ पाहणाऱ्याने यांच्या पाठीराख्यांपैकी एखादा गाठावा, त्याच्यासाठी एक मीट पाय (मांसाचे सारण भरलेला भाजलेला पदार्थ) मागवावा आणि बोलणे १९०९ पासून सुरू करू द्यावे. मध्ये तोंड घालू नये.