जंगलभाऊ

वर्ध्यातल्या कुठल्याही मित्रमंडळात एक डॉक्टर असतो, एक गुरुजी असतो, एक उधारी न फेडणारा असतो आणि एक जंगलभाऊ असतो. पहिले दोघे पदवीवरून कळतात, तिसरा अनुभवावरून. जंगलभाऊ मात्र लांबूनच ओळखू येतो. बजाज चौकात मेथीची जुडी निवडतानाही त्याच्या अंगात मातकट हिरवा शर्ट, खाली सहा खिशांची पॅन्ट आणि गळ्यात दुर्बीण असते. वाघ दचकू नये म्हणून हा रंग, असं तो सांगतो. भाजीवाली दचकते, त्याला इलाज नाही.

पोटापाण्यासाठी तो विम्याचा हप्ता गोळा करतो, नाहीतर एखाद्या कचेरीत आवक-जावक बघतो. पण ही त्याची खरी ओळख नव्हे, असं त्याला स्वतःला आणि त्याच्या साहेबांनाही वाटतं. घरी कपाटात मारुती चितमपल्लींची पुस्तकं ओळीने लावलेली आहेत. ‘रानवाटा’ची सुरुवातीची काही पानं वाचूनही झाली आहेत.

त्याच्यासमोर ताडोबाचं नाव काढायचं नसतं. काढलं की कपाळाला आठी पडते. “थे का जंगल हाये? जत्रा हाये जत्रा! वाघाच्या मांगं जिप्सी, जिप्सीच्या मांगं जिप्सी. वाघ बिचारा सकाळी येऊन हजेरी लावते अन् जाते.” ताडोबा हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. आपलं वर्ध्याजवळचं बोर अभयारण्य झालं 1970 साली, आणि व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळायला 2014 उजाडलं. गाभ्याचं क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. दुसरा एखादा हे दबक्या आवाजात सांगेल. जंगलभाऊ छाती काढून सांगतो. “जागाच कमी, तं वाघ जाईन कुठं?”

मग तुला कितीदा दिसला, असं गुरुजींनी विचारलं की हाच जंगलभाऊ नकाशा पसरतो. बोर म्हणजे वाघांचं वर्धा जंक्शन. एका अंगाने पेंच, दुसऱ्या अंगाने मेळघाट, इकडे उमरेड-कऱ्हांडला, खाली ताडोबा. सगळीकडचे वाघ इथून ये-जा करणार. “आता गाडी निंगून गेल्यावर तुम्ही फलाटावर आले, तं टेसनाचा काय दोष?”

थंडी पडली की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा हुकूम सुटतो. ‘शनिवारी कॅम्प. टेंट माझा. भडक कपडे नको, अत्तर नको, गप्पा हळू.’ त्याखाली सामानाची यादी, तिच्यात शिट्टी, होकायंत्र आणि नायलॉनची दोरी. वर्धा ते बोरधरण हा रस्ता सेलू, हिंगणी करत सरळ जातो आणि मंडळातल्या निम्म्या लोकांची सासुरवाडी त्याच रस्त्यावर आहे. होकायंत्र कशाला, हे विचारणारा मागच्या वर्षी ग्रुपबाहेर गेला.

हुकमावर उत्तरं येतात, तीही ठरलेली. डॉक्टर विचारतो, रेंज आहे का? गुरुजी विचारतात, सकाळची सोय काय? उधारीवाला एकच शब्द टाकतो: ‘व्यवस्था?’ आमचा जिल्हा गांधी-विनोबांचा आणि दारूबंदीचा. त्यामुळे या शब्दाचा अर्थ इथे शेंबड्या पोरालाही कळतो. जंगलभाऊ या बाबतीत मात्र कडक. “अबे, अस्वलाले लांबून वास येते.” त्यावर उधारीवाला, “थे तं सोताच मोहाखाली पडून राह्यते. आपल्याले पाहून खूशच होईन.” मोहाची फुलं हा अस्वलाचा आवडता खुराक, ही गोष्ट खरीच असल्यामुळे जंगलभाऊला उत्तर सुचत नाही. तो यादीत आणखी एक शिट्टी वाढवतो.

जंगलात तंबू ठोकायला परवानगी नसते. हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि या एका नियमाबद्दल तो मनातून सरकारचा आभारी असतो. कॅम्प म्हणून पडतो तो जंगलाबाहेर, हिंगणीकडच्या कुणाच्या तरी साडूच्या वावरात. एका बाजूला तूर उभी, दुसऱ्या बाजूला हरभरा, मध्ये विहीर आणि पलीकडे सागाची काळी रेघ.

त्याआधी दुपारची सफारी. गाईड आसपासच्या गावातला पोरगा. याच रानाच्या कडेला बकऱ्या चारत मोठा झालेला. जंगलभाऊ त्याला फाटकापासूनच शिकवायला घेतो. हा ऐन, हा धावडा, हा तेंदू. गाईड प्रत्येक झाडाला “हो साहेब” म्हणतो, फक्त धावड्याच्या वेळी जरा उशिरा म्हणतो. मध्येच जंगलभाऊ बोट वर करतो. “कॉल! चितळ! उजवीकडे!” जिप्सी थांबते, सगळ्यांचे श्वास थांबतात. गाईड नम्रपणे म्हणतो, “मोर हाये साहेब.”

पुढे धुळीत ठसे दिसतात. जंगलभाऊ अर्धा बाहेर झुकून वीत लावल्यासारखं करतो आणि जाहीर करतो, “मादी. ताजी.” गाईड खाली बघतो. “नखं उमटून राह्यले साहेब. वाघ नखं आत घेऊन चालते. हे रानकुत्रं हाये.” दुसरा कुणी असता तर फाटकापर्यंत गप्प बसला असता. जंगलभाऊ क्षणात सावरतो. “म्हंजे रानकुत्र्यांचा कळप फिरून राह्यला. म्हनूनच वाघ बाजूले झाला!” सगळ्यांना पटतं. गाईडलाही पटल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी तंबू उभारायचा असतो. तो उभा राहिल्यावर एक दांडी हमखास उरते. “एक जास्तीचीच देते कंपनी,” जंगलभाऊ सांगतो. तेवढ्यात वारा येतो आणि कंपनीने मोजूनच दिली होती, हे सगळ्यांना कळतं. वावरातला सालदार हा सगळा खेळ बांधावर बसून बघत असतो. तो उठतो, यादीतली नायलॉनची दोरी मागून घेतो, तंबूचा एक कोपरा बाभळीला आणि दुसरा खाटेला बांधतो आणि परत जाऊन बसतो. यादीतल्या एवढ्याच वस्तूचा उपयोग होतो.

जेवणासाठी जंगलभाऊने गरम पाणी ओतून तयार होणारी पाकिटं आणि बोटाएवढा गॅसचा स्टोव्ह आणलेला असतो. स्टोव्ह पेटतो, पाणी कोमट होतं, तेवढ्यात स्टोव्ह विझतो. मग गुरुजी, ज्यांनी दिवसभर तोंड उघडलेलं नसतं, पिशवीतून जाडसर कणीक काढतात. सालदार गोवऱ्या रचतो. रोडगे निखाऱ्यात जातात, वांग्याची भाजी चुलीवर चढते, वरणाला फोडणी बसते. राखेतून काढलेला रोडगा फोडून त्यावर तूप पडलं की जंगलभाऊ पाकिटं हळूच बॅगेत सरकवतो. “थे आपतकालासाठी होते,” म्हणतो आणि चौथा रोडगा घेतो.

शेकोटीभोवती मग त्याच्या गोष्टी सुरू होतात. बोरच्या कॅटरिना वाघिणीबद्दल तो असा बोलतो की ऐकणाऱ्याला ती त्याच्या चुलत घराण्यातली वाटावी. कुठे पाणी पिते, पोरांना कशी वागवते, सगळं तपशीलवार. यातलं पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, हे कुणी मोजत नाही. पण कुणी बाजीरावचा विषय काढला की तो थांबतो. बोरचा हा धिप्पाड वाघ डिसेंबर 2017 मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर, बाजारगावजवळ, वाहनाच्या धडकेने मेला. जंगलभाऊने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तरी तो काडीने राख उकरत बसतो, आणि त्या वेळी त्याच्या तोंडून एकही खोटं वाक्य निघत नाही.

रात्री थंडी हाडात शिरते. सगळे तंबूत स्वतःला कोंबून घेतात. जंगलभाऊ म्हणतो, “तुम्ही झोपा, मी हालचालीवर ध्यान ठेवतो,” आणि गाडीत जाऊन बसतो. काचा वर, दारं लॉक. मध्यरात्रीनंतर कधीतरी पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज येतो आणि सोबत एक लांबलचक हाळी. तंबूत धावपळ उडते, डॉक्टर गुरुजींच्या अंगावर पडतो. मचाणावरचा सालदार हरभऱ्यातून रानडुकरं हाकलत असतो, एवढंच. पीक घरी येईस्तोवर तो दर रात्री हेच करतो. कधी डुक्कर, कधी रोही. हातात टॉर्च, अंगावर घोंगडी, खाली काळोख. त्याची जागल कुणी फोटोत टाकत नाही, आणि शहरात परत गेल्यावर सांगायला त्याला शहरही नसतं. इतक्या गोंधळात जंगलभाऊ गाडीत घोरत असतो.

सकाळी मात्र ग्रुपवर त्याचाच अहवाल पहिला. ‘रात्रभर जवळपास वावर जाणवला. अंगावर काटा आला.’ खाली तंबूचा फोटो, दोरी दिसणार नाही अशा बाजूने काढलेला.

लोक त्याला हसतात आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या आधी या मंडळाचा रविवार तर्री-पोहे आणि टीव्ही यांच्या पलीकडे जात नव्हता. आज डॉक्टरला चितळाची हाक मोरापासून वेगळी कळते, उधारीवाला पळस आणि साग ओळखतो आणि सालदाराच्या जागलीबद्दल गुरुजी वर्गात सांगतात. महामार्गावर वाघांना ओलांडायला वाट ठेवा, अशी निवेदनं घेऊन जी पाच-सहा माणसं कचेरीच्या पायऱ्या चढतात, त्यांतही एखादा जंगलभाऊ असतोच. त्या दिवशी त्याच्या अंगात साधा पांढरा शर्ट असतो आणि गळ्यात दुर्बीण नसते.

तेव्हा तुमच्या मंडळात असा कुणी असेल, तर या थंडीत त्याच्यासोबत बोरला जा. तो म्हणेल ते ऐका, गाईड म्हणेल ते माना. फक्त रोडग्यांची कणीक आपली आपण न्या, आणि रात्री गाडीची किल्ली स्वतःच्या उशाखाली ठेवा.