पॅच नंबर शून्य

दिल्लीच्या द्वारकेत दोन माणसं बोलता बोलता एकदम गप्प झाली, तर भांडण झालं असं समजू नये. वरून विमान उतरत असतं. इंदिरा गांधी विमानतळ शेजारीच, त्यामुळे मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची तालीमही विमानांच्या सवडीनेच चालते. सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये त्या संध्याकाळी पेटीवाले काका होते. सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त, पण टिप्पणी लिहायची खोड निवृत्त झालेली नाही. मुंबईहून बदली होऊन आलेला ऑक्टापॅडवाला होता. आणि गुरुग्रामच्या ऑफिसातून थेट आलेला गिटारवाला पुतण्या, सुटकेस ओढत.

“गावाला निघालास की काय?”

“काका, हा पेडलबोर्ड आहे. हे ओव्हरड्राइव्ह, हे कोरस, हे डिले, हे रिव्हर्ब. आणि हा मिडी कंट्रोलर.”

“याचा आवाज कसा आहे?”

“याला आवाजच नाही.”

“मग हाच एक कामाचा दिसतो. कितीला पडला?”

पुतण्याने केबल शोधायला मान खाली घातली. पेडलं घेणारी माणसं घरी किंमत सांगताना एक शून्य गाळतात, आणि तेवढ्याने भागत नसेल तर केबल शोधतात.

काकूंनी मध्येच विचारलं, “गेल्या वर्षी प्रत्येक गाण्याआधी तू वाकून काय करत होतास रे? मला वाटलं अंगठी पडली.”

हीच तर मूळ अडचण. अभंगाला लांब घुमणारा रिव्हर्ब हवा, नाट्यपदाला जवळजवळ कोरडा आवाज, भावगीताला कोरस, कोळीगीताला डिले आणि ओव्हरड्राइव्ह दोन्ही. दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत चार खटके दाबायचे आणि सहा बटणं पिळायची. दिल्लीतल्या टाळ्या तेवढ्या लांबत नाहीत.

“आता एकच बटण दाबायचं,” पुतण्या म्हणाला. “कंट्रोलर फक्त हुकूम सोडतो : चॅनल दोन, प्रोग्रॅम सात. डिले स्वतःच आपलं सातवं सेटिंग, म्हणजे पॅच, उघडतं. किती वेळाने घुमायचं, किती वेळा, किती मिसळायचं, सगळं त्याच्याच पोटात साठवलेलं असतं.”

“म्हणजे फाइल ज्या त्या विभागात, आणि याच्याकडे नुसता फाइल नंबर. अरे, हा तर डायरी क्लार्क!”

“बरोब्बर. एका तारेवर सोळा चॅनल. प्रत्येक पेडलला एक चॅनल दिला की दुसऱ्याचा हुकूम ते वाचतच नाही.”

“हे मात्र आमच्याकडे कधी जमलं नाही. आणि या वायरीला पाच दांड्या कशाला?”

“हुकूम चौथ्या-पाचव्यातून जातो. मधली दुसरी वायरीच्या आवरणाला जोडलेली. उरलेल्या दोन रिकाम्या.”

“पाचांत दोघं काम करतात, एक टेकून उभा आणि दोघं नुसते हजेरीपटावर. मंजूर पदं अशीच असतात.”

हा मिडी नामक कारभार १९८३ सालचा. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका वायरीने जोडले गेले. एका कंपनीच्या सिंथेसायझरवर वाजवलं की दुसरीचा बोलू लागला. यामागे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी होते. दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. एकमेकांच्या उरावर बसायचं सोडून स्पर्धक कंपन्यांनी एकच भाषा मान्य केली, ही गोष्ट फोनच्या चार्जरांचा गुंता सोसलेल्या माणसाला आजही खरी वाटत नाही. काकांनी मात्र पुतण्याच्या या इतिहासातून एकच नाव उचललं. “काकेहाशी? आडनावातच काका आहे. माणूस भला असणार.”

“वेग बघा काका. सेकंदाला ३१,२५० बिट. प्रोग्रॅम बदलायचा हुकूम दोन बाइटचा, एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो.”

“पोचतो रे. अंमल कधी होतो ते सांग.”

प्रश्न खोचक होता आणि रास्तही. हुकूम पोचला तरी आधीच्या रिव्हर्बचं शेपूट चटकन तुटू न देता नवा आवाज आणणं हे त्या त्या पेडलचं कसब. काहींना जमतं, काही उचकी देतात.

“आणि हे पिवळं?”

“ओव्हरड्राइव्ह. जुनं अ‍ॅनालॉग आहे, त्याला मिडी कळत नाही. त्याची बटणं हातानेच फिरवायची. लूप स्विचर लावलाय, त्यातून कंट्रोलर त्याला फक्त आत घेऊ शकतो नाहीतर बाहेर काढू शकतो.”

“प्रत्येक ऑफिसात असा एक असतो. कॉम्प्युटर शिकत नाही, आणि काम मात्र त्याच्यावाचून अडतं.”

“डिले लयीशीही बांधता येतो. मिडी क्लॉक दर ठोक्याला चोवीस टिचक्या पाठवतं. लय १२०ची असेल तर प्रतिध्वनी बरोबर ५०० मिलिसेकंदांनी.”

“आपले गायक १२०ला सुरू करतात. पुढे तान आली की कुठे जातात ते त्यांनाही ठाऊक नसतं. मी आणि तबलजी त्यांना शोधत फिरतो. तुझं घड्याळ शोधेल का?”

“नाही. त्यासाठी पायाने टॅप करायचं.”

“म्हणजे शेवटी पायानेच ताल धरायचा! एवढा खर्च करून?”

पुतण्या चिडला. “काका, तुमच्या पेटीलाही लोक परकीच म्हणत होते. आकाशवाणीने १९४० साली तिला स्टुडिओबाहेर काढलं, ते १९७१पर्यंत!”

घाव वर्मी लागला. काकांनी भाता दोनदा उगाच हलवला. मग जरा मवाळ होत म्हणाले, “ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली, ठाऊक आहे? सा आणि प सोडून बाकी दहा स्वरांना दोन-दोन श्रुती, रागाप्रमाणे निवडून घ्यायच्या. राग बदलला की मांडणी बदला. तुझा हा क्लार्क तिथे बसवता येईल का रे? एक बटण यमनचं, एक भैरवीचं?”

पुतण्या हसला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. त्याच्या डोळ्यांत मोटारी आणि सर्किटं दिसू लागली होती. पण तेवढ्यात तबल्याने ठेका धरला.

अभंगाचं बटण दाबलं, आवाज कोरडा ठणठणीत. नाट्यपदाला भावगीताचा कोरस. भावगीताला कोळीगीताचा डिले, तोही ओव्हरड्राइव्हसकट. कोळीगीताचं बटण दाबलं तेव्हा असा काही लांबलचक घोंगावणारा आवाज आला की सवयीने सगळे गप्प बसले आणि विमान जायची वाट पाहू लागले. ते जाईना.

“आपलंच आहे हो ते,” काकू म्हणाल्या.

आतापर्यंत न बोललेला ऑक्टापॅडवाला तेव्हा बोलला. त्याने भांडुपच्या बेंजो पार्टीत हळदी-विसर्जनं वाजवलेली. १९८५चा पहिला ऑक्टापॅड स्वतःचा आवाज नसलेला नुसता मिडी कंट्रोलरच होता, हे इतिहास म्हणून नव्हे, धंदा म्हणून ठाऊक असलेला माणूस.

“भाऊ, तुझं कंट्रोलर शून्यापासून मोजतंय आणि पेडलं एकपासून. सगळं एकाने सरकलंय. पाचव्या पॅचमध्ये कंपनीने भरलेला आवाज असेल, तोच वाजतोय.”

“असं कसं मोजतात?” काकू.

“यात काय नवल?” काका म्हणाले. “आपल्या ब्लू लाइनवर सेक्टर ८ नंतर सेक्टर २१ येतं. कोणी तक्रार केली?”

मिडीत प्रोग्रॅमचे आकडे ० ते १२७ एवढेच असतात. काही कंपन्या ते तसेच दाखवतात, तर काही माणसांची सोय म्हणून १ ते १२८. म्हणून एका यंत्राचा ‘एक’ दुसऱ्याचा ‘दोन’ ठरतो, आणि जगभरचे गिटारवाले पहिल्या दिवशी वायर खराब आहे असं समजून नवी वायर विकत आणतात. पुतण्याच्याही खिशात नवी वायर होतीच.

दुरुस्ती पाच मिनिटांची. काका मात्र छापलेली पत्रिका पुढ्यात घेऊन बसले. “क्रमांक एक, अध्यक्षांचं मनोगत. हे गेल्या वर्षी चाळीस मिनिटं चाललं. तुझ्या यंत्रात शून्य रिकामं झालं ना? भाषण तिथे टाकू.”

“शून्यावर आता अभंग आहे, काका.”

“मग १२८वर टाक.”

“१२८ नसतोच. १२७ला संपतं.”

“माहीत आहे रे. म्हणून तर म्हणतोय.”