जुना कंडेन्सर माइक घेण्याचा शास्त्रोक्त विधी

रोहिणखेडला लढायांची सवय आहे. 1591 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाला इथेच हरवले. भजनी मंडळासाठी जुना कंडेन्सर माइक आणायला मलकापूरकडे निघालेल्या इसमानेही आधी शत्रूची माहिती काढावी. शत्रूचे नाव व्होल्टेज.

विक्रेता सांगेल, "चालू हाये भाऊ, तुमच्या मशीनले जमत नसंन." यात खोटे काहीच नसते, हीच पंचाईत. डायनॅमिक माइक वायर लावताच बोलतो. कंडेन्सरला आधी वीज पाजावी लागते, बहुधा 48 व्होल्ट. आकडा नॉर्वेचा. 1966 मध्ये तिथल्या रेडिओसाठी नॉयमन कंपनीने माइक बनवले, तेव्हा स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी 48 व्होल्टची सोय होतीच. तीच पुढे जगाला चिकटली आणि हरिपाठापर्यंत आली.

म्हणून माइकच्या चकाकत्या जाळीकडे पाहू नये, मंडळाच्या मिक्सरकडे पाहावे. 48 व्होल्टचे बटण नसेल तर पाकीट खिशातच ठेवावे. बटण असले तरी हुरळून जाऊ नये; काही स्वस्त मिक्सर बटणामागे निम्मेही व्होल्ट देत नाहीत. मल्टिमीटर डीसीवर ठेवून एक्सएलआरच्या पिन 1 व 2 आणि मग 1 व 3 मध्ये मोजावे. दोन्हीकडे 44 ते 52 यावे. 2 व 3 मध्ये जवळजवळ शून्य. माइक जोडल्यावर आकडा उतरतो, त्याने घाबरू नये. दोन्ही पिनांना 6.8 किलोओमचे रेझिस्टर असतात. 3 मिलिअँपिअर खाणारा माइक सुमारे 10 व्होल्ट गिळतो. सुपारी देणाऱ्या पाहुण्यांना हे गणित सांगू नये.

माइकच्या पोटात पेन्सिल सेलची जागा असेल तर झाकण उघडावे. पत्र्यावर पांढरी-हिरवी खपली दिसली की भाव पाडावा. व्हॉल्व्हचा माइक त्याच्या स्वतंत्र पॉवर सप्लायशिवाय विकायला ठेवला असेल, तर त्याला शोकेसमध्येच राहू द्यावे. यूएसबीवाला माइक मिक्सरला जोडायचाच नसतो.

आता चाचणी. आवाज खाली ओढून वीज सुरू करावी, थोडे थांबावे, मगच वाढवावा. फुंकर मारू नये आणि "हॅलो हॅलो" तर मुळीच नको. सगळ्यांना गप्प बसवून ऐकावे: चुरचुर आली तर आत ओल किंवा धूळ. विक्रेता म्हणेल, "पावसाळा हाये ना." त्याला दिवाळीनंतरची तारीख द्यावी, इसार मात्र देऊ नये.