जुना कागद, नवे बिल

आदरणीय उस्ताद,

तुमच्या बिलावर ‘ऑईल फिल्टर – नवीन’ असे लिहिले आहे. अक्षर सुरेख आहे. फिल्टरही सुरेखच दिसत होता: पेट्रोलने धुतलेला, फडक्याने पुसलेला. फक्त बुडाशी मी गेल्या वर्षी खिळ्याने कोरलेली तारीख तेवढी गेली नाही. पेट्रोल कमी पडले असेल. महाग झाले आहे ना.

फसवायला तुम्हाला चांदनीचाच माणूस सापडला, हे विशेष. आमच्या शेजारी नेपानगर. तिथला कागद कारखाना 1956 साली पंडित नेहरूंनी देशाला अर्पण केला; वर्तमानपत्राच्या कागदाचा तो देशातला पहिला कारखाना. कागद आम्हाला कळतो, उस्ताद. फिल्टरच्या डब्यातही घड्या घातलेला कागदच असतो. कालचा पेपर आज कोणी विकत घेत नाही. तुम्ही गेल्या वर्षीचा पूर्ण किमतीला विकलात.

‘ऑईल तर नवं टाकलं ना भाऊ!’ टाकलेत. पण जुन्या डब्यात राहिलेले काळे ऑईल नव्यात पहिल्या मिनिटालाच मिसळले. काजळी, धातूचा कीस, एअर फिल्टरमधून निसटलेली धूळ यांनी कागद बुजला, तरी इंजिन उपाशी राहत नाही. बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल न गाळताच बेअरिंगांकडे जाते. गाडी चालत राहते, लाल दिवा लागत नाही, गिऱ्हाईक ओरडत नाही. तुमचा धंदा त्या व्हॉल्व्हच्या भलेपणावर चालला आहे. डब्यातला दुसरा, रबरी व्हॉल्व्ह मात्र इतका सोशिक नाही. तो कडक झाला की गाडी उभी असताना फिल्टरमधले ऑईल खाली उतरते आणि सकाळी स्टार्टर मारताच इंजिन टकटक करते. ती टकटक ऐकूनच मी गाडीखाली वाकलो.

‘एक ऑईल सोडून एक फिल्टर’ हे तुमचे शास्त्र काही जुन्या गाड्यांना चालत असे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, आणि दर ऑईलबरोबर नवा फिल्टर, असे छापले आहे. धुळीच्या रस्त्यावर त्याहून लवकर. केळीच्या ट्रकांमागून धूळ खात जाणारा आमचा रस्ता कोणत्या वर्गात बसतो, ते तुम्हीच सांगा. फिल्टर शे-दोनशेचा; तेवढीच तुमची कमाई. पण बेअरिंग गेली की इंजिन उतरवावे लागते, आणि उतरवायला पुन्हा तुम्हीच असता. याला म्हणतात दूरदृष्टी!

पैसे परत नकोत. नवा मी स्वतः बसवला: रबरी रिंगेला ऑईलचे बोट, ती टेकेपर्यंत हाताने फिरवला, मग पाऊण फेरा. एवढ्याच कामाची तुम्ही मजुरी लावली होती.

आपले,
चांदनीचे एक गिऱ्हाईक

ता. क. वाचकांनो, बिल देण्याआधी जुना फिल्टर आणि नव्याचे रिकामे खोके, दोन्ही मागून घ्या. मिळाले नाहीत, तर फिल्टरचे पैसे देऊ नका.